भागीरथीच्या वेलची केळी

सीवूड्सच्या टॉवरांमागे दबलेल्या गावात भागीरथीची शेती कधीच शहराच्या पोटात गेली होती. उरली होती ती घरामागची, मोरीच्या पाण्यावर पोसलेली वेलची केळींची रांग. नवऱ्यामागे बाईचा सगळा जीव त्या केळींत. घरातली मुलगी सासरी निघाली की केळीचं एक पिल्लू, मुळांची माती जराही न झाडता, तिच्यासोबत द्यायचं ही त्या घराची रीत. माती झाडली तर माहेर तुटतं म्हणे! गेल्या वर्षी एकुलत्या एका लेकीला, निशिगंधाला, तिनं तसंच पनवेलपलीकडे पाठवलं. तिथं सासऱ्यांची केळीची वाडी होती.

यंदा भागीरथीच्या केळींची पानं कडेनं पिवळी पडली, देठात मोडून खोडाभोवती लोंबायला लागली. तिनं आपलं पाणी वाढवलं, शेण घातलं. शेवटी वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या, कृषी खात्यातल्या नमितानं एक खोड कापून दाखवलं. आत तपकिरी डाग.

“मर रोग आहे, काकू. ही बुरशी वर्षानुवर्षं मातीत राहते, औषध नाही. झाडं उपटून जाळा. आणि इथली माती, पिलं कुणाला देऊ नका.”

भागीरथी त्या कापलेल्या खोडाकडे बघत म्हणाली, “दिलाय गो. पोरीला दिलाय.”

ती तशीच लेकीकडे धावली. माहेरचं पिल्लू लावलं होतं, वाडीच्या त्याच कोपऱ्यातल्या केळी माना टाकून उभ्या. नव्या सुनेचं पाण्याकडे लक्ष नाही, असे टोमणे पोरगी मुकाट्यानं खात होती. भागीरथी गप्प बसली असती तर कुणाला काही कळलंही नसतं. पण मग अख्खी वाडी गेली असती आणि बोल पोरीलाच लागला असता.

“व्याहीबुवा, पोरीचा गुना नाय,” ती हात जोडून म्हणाली. “रोग माझ्या मातीतना आलाय. हा कोपरा पेटवा, नायतर बाकीची वाडी पन जाईल.”

कोपरा जाळला, वाडी तगली. व्याही एका शब्दानं बोलले नाहीत, तेच तिला फार लागलं. घरची रांगही तिनं स्वतःच्या हातानं उपटून पेटवली आणि धुराचं निमित्त करून दिवसभर रडली.

दिवाळीत ती लेकीला भेटायला गेली. निशिगंधा फाटकातच उभी होती. हातात पाण्याचा तांब्या, आणि माती वाडीत सांडू नये म्हणून पायाशी रिकामं घमेलं.

“आये...” तिनं तांब्या पुढं केला, पण ओतवेना.

“वत गो बाय, वत,” म्हणत भागीरथी चपला काढून घमेल्यात उभी राहिली. निशिगंधा खाली बसली आणि आईच्या टाचांच्या भेगांतली माहेरची माती बोटांनी धुऊन काढत राहिली.