शेवटच्या वाफ्यातलं कडू पाणी

खारी गावातल्या लोकांना माझी चांगुणाआत्या वाकलेलीच आठवते. मला ती ताठ आठवते, म्हणून माझा राग अजून जात नाही.

तिचा नवरा गोमा, म्हणजे आमचा आतोबा, भाईंदरच्या मिठागरात कामाला होता. उन्हाळाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढायचं. संध्याकाळी पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. मिठागराच्या मालकाचेही गुडघे दुखायचे, पण तो मुंबईहून एप्सम सॉल्ट नावाच्या औषधी मिठाचा डबा मागवायचा आणि ते मीठ ऊन पाण्यात टाकून त्यात पाय सोडून बसायचा. एकदा आतोबानं त्या डब्यातला खडा उचलून जिभेवर ठेवला. कडू लागला. झालं, मिठागरातल्या माणसाची जीभ ती, तिनं लगेच निकाल दिला. मीठ ओढून घेतल्यावर वाफ्यात जे कडू पाणी उरतं, त्यातलाच हा जिन्नस. इथवर तो फारसा चुकला नव्हता. पुढे चुकला.

दुसऱ्या दिवसापासून आत्याच्या मागे काम लागलं. चांगलं कडू पाणी शेवटच्या वाफ्यात मिळायचं आणि तो वाफा पार खाडीच्या बांधाला लागून. आत्या स्वतः दिवसभर तिथेच मिठाच्या पाट्या वाहायची. बाकीच्या बायका घरी निघाल्या की ही हंडा भरायला उलटी वळायची. ते पाणी साध्या पाण्याहून जड. घरी आणून तापवायचं, घमेल्यात ओतायचं आणि आतोबाच्या पोटऱ्या चोळायच्या. त्याला आराम पडायचा, हे खोटं नाही. मालकाची चैन आपल्याला फुकटात मिळाली, असं तो चारचौघांत सांगायचा. बायकोची मान मोडत होती आणि हा म्हणे फुकटात.

महायुद्ध सुरू झालं, संपलं, हंडा काही उतरला नाही. एखाद्या दिवशी आतोबा पाण्यात बोट बुडवून चाखायचा आणि फिकं लागलं की तोंड फिरवायचा. मग ती दुसऱ्या दिवशी पलीकडच्या मिठागरापर्यंत जायची. माझी आई तिला सांगून थकली. शेवटी एका सकाळी आत्याला अंथरुणातून उठताच येईना, तेव्हा माझ्या बाबांनी डॉक्टर आणला.

डॉक्टरनं पाठ तपासली आणि यापुढे ओझं बंद म्हणून सांगितलं. मग त्यानं हंड्याची हकिकत ऐकून घेतली.

"आराम उबेनं पडतो," तो म्हणाला. "ऊन पाण्यात आखडलेले स्नायू सैल होतात, वर तुम्ही चोळताही. मीठ कातडीतून आत शिरून दुखणं घालवतं, असं अजून कुणी पक्कं दाखवलेलं नाही."

आत्यानं मागच्या दारातून बाहेर पाहिलं. "मंग हिरीचा पानी चालला असता?"

"चाललं असतं," डॉक्टर म्हणाला.

विहीर दारापासून चार पावलांवर होती. आतोबा मात्र हटला नाही. डॉक्टरला मिठातलं काय कळतं, असं पुटपुटत राहिला. कबूल केलं असतं तर इतक्या वर्षांचा हंडा त्याच्या माथी आला असता, तो त्याला नको होता.

संध्याकाळी मीच विहिरीचं पाणी तापवून घमेल्यात ओतलं. आतोबानं बोट बुडवून चाखलं आणि पाय मागे घेतले. मग आत्या भिंतीला धरून बसली आणि मिठानं चिरलेले आपले पाय तिनं पाण्यात सोडले. इतक्या वर्षांत ते त्या घमेल्यात पहिल्यांदाच गेले होते.

"बरा वाटतंय," ती म्हणाली. पाठ मात्र मरेपर्यंत सरळ झाली नाही.