पंतप्रधानपदाचा फ्लेक्स

माझ्या मुलीला पंतप्रधान होण्यापासून मी एकट्यानं रोखलं. (शाळेच्या बालसंसदेतली का होईना, पंतप्रधान ती पंतप्रधानच!)

आम्ही वरवट बकालचे. सातवीतली आमची सोनल रंगानं थेट माझ्यावर गेलेली, म्हणजे तव्यासारखी. ती उभी राहिली, तर समोरच्या गोऱ्यागोमट्या उमेदवारानं वर्गात जाहीर केलं की पंतप्रधान पोरगाच पाहिजे, आणि टीव्हीवर दिसायला जरा उजळ पाहिजे. पोरगी घरी येऊन ढसाढसा रडली. माझं डोकंच फिरलं. रंग पाहू नये, बाई-पुरुष पाहू नये, देश डोक्यानं चालतो, असं भाषण मी जेवता जेवता अर्धा तास ठोकलं.

बायको म्हणाली, "मंग तुम्ही फक्त गप राहा. पोरगी येते निवडून."

गप राहणं आमच्या घराण्यात नाही. मी तडक खामगाव गाठलं आणि फ्लेक्स सांगितला. फ्लेक्सवाल्यानं विचारलं, पोरीचा फोटो उजळ करू का, सगळेच करतात. म्हटलं, कर जरासा. मग म्हणाला, उमेदवार बाई असली की शेजारी नवऱ्याचा मोठा फोटो लागतो, इथं कोणाचा टाकू? (आमच्याकडे सरपंचबाईच्या फ्लेक्सवर सरपंचबाई शोधावी लागते.) सातवीतल्या पोरीला नवरा कुठून आणू? मी माझाच दिला. फेटा, जोडलेले हात, खाली ठळक अक्षरांत माझं नाव. तोही उजळ करू का म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, पुरुषाचा रंग कोण पाहतो!

शाळेच्या फाटकावर फ्लेक्स चढला. सोनल बराच वेळ वर पाहत राहिली.

"बाबा, तुमच्या बाजूले कोपऱ्यात ही पांढरी पोरगी कोन हाय?"

"तूच तं हायेस."

"मंग मी कोन?"

पोरांनाही तोच प्रश्न पडला. मतदानात कोऱ्या चिठ्ठीवर आपल्या पसंतीचं नाव लिहायचं होतं. निकाल वाचताना हेडमास्तरांनी तीनदा चष्मा पुसला. गोरा पोरगा पहिला आला. सोनल तिसरी.

दुसरा मी.

माझी मतं सोनलला द्या म्हणून मी हेडमास्तरांच्या हातापाया पडलो. दोघांची मिळून सोनल आरामात जिंकत होती. त्यांनी माझी मतं बाद केली, कारण माझं नाव शाळेच्या पटावर नव्हतं. पोरगी चार दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मला खरंच वाईट वाटलं.

पण एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. आमच्या गावात रंग पाहून कोणी मत देत नाही. मी एवढा काळा, तरी मला एकतीस पडली!