सध्या वापर नाही

“तो पंप आजच बंद करा. मंजुरीच्या पाहणीला टीम येईल तेव्हा खड्डा भरलेला दिसला पाहिजे,” आमच्या सरकारी खात्याचे डायरेक्टर पणजीहून फोनवर म्हणाले.

खड्डा म्हणजे डिचोलीतली एक बंद खाण, पाण्यानं भरलेली. सोलरची वीज तासन्‌तास साठवणाऱ्या प्रकल्पांना सवलती देणारी पॉलिसी नुकतीच आली होती. त्यातली पंप्ड स्टोरेजची रीत सोपी आहे. दुपारी वीज जास्त असते, तेव्हा तिच्यावर खालचं पाणी डोंगरावरच्या तलावात चढवायचं. रात्री ते खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. मी साइट इंजिनियर होतो. कल्पना मला आजही पटते.

पण त्याच पाण्यावर दत्ताराम गावसांचं कुळागर होतं. पोफळी, केळी, मिरवेली. खाणीमुळे त्यांचा झरा आटला, म्हणून खाणवाले उपसलेलं पाणी त्यांच्या पाटात सोडत. खाणवाले गेले, तरी गावसांनी पंप चालू ठेवला होता.

“थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे, दत्तारामबाब,” मी म्हणालो.

“माड उपाशी राहील, बाब. पोफळ नाही राहायची. तुम्ही वीज साठवा. मी पोफळी कुठं साठवू?”

पंपाला सील लागलं. भर उन्हाळा. टीमची तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे, कारण मंत्र्यांनाही यायचं होतं. पोफळी पिवळ्या पडल्या, मग त्यांनी माना टाकल्या. मी डायरेक्टरांना कळवलं.

“तुम्ही खड्ड्याची लेव्हल बघा,” ते म्हणाले. “बाग आपल्या स्कोपमध्ये नाही.”

शेवटी टीम आली. पाणी पाहून खूश झाली. प्रमुख अधिकाऱ्यांनी विचारलं, “यावर कुणाची शेती आहे?”

“होती,” मी म्हणालो. “पंप आम्हीच बंद केलाय. ती बघा बाग.”

त्यांनी वाळक्या खोडांकडे नीट पाहिलं. “म्हणजे सध्या वापर नाही.”

“नाही सर,” डायरेक्टर घाईनं म्हणाले.

मंत्र्यांनी बागेकडे पाठ करून हरित गोव्यावर भाषण केलं. फोटोला उजेड त्याच बाजूनं बरा होता.

प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी मिळाली. तत्त्वतः म्हणजे काम सुरू झालेलं नाही. उरलेल्या केळी तरी वाचाव्यात म्हणून दत्तारामबाब सील काढायला सांगायला ऑफिसात आले. डायरेक्टरांनी त्यांना चहा पाजला आणि शांतपणे समजावलं: आता पंप चालू केला, तर पाण्याला वापर आहे असं होईल आणि मंजुरी जाईल.

चहा अर्धा ठेवून ते उठले. पंप आजही बंद आहे.

सरकारी कामात तात्पुरतं काही बंद करू देऊ नये. बंद करायला एक फोन पुरतो. चालू करायला नवी पॉलिसी लागते.