फुमिको-सानवरचं एक पान

काही माणसांचे किस्से आपण जमवत नाही, ते आपल्या बोकांडी बसतात. आमच्या फुमिको-सानचे माझ्या बसलेत.

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या एका छोट्या क्लबकडून आम्ही पंधरा मराठी आयटीवाले फुटबॉल खेळतो. फुमिको-सान आमच्या कोच. जपानहून इथे खेळायला आलेल्या पहिल्या काही बायकांपैकी एक, आणि पुरुषांच्या टीमला शिकवणारी या भागातली पहिलीच बाई. क्लबला त्यांना मानद सदस्यत्व द्यायचं होतं. अट एवढीच, की सभेत त्यांच्या कामगिरीवरचं एक पान वाचायचं आणि मग सगळ्यांनी हात वर करायचे. ते पान माझ्या गळ्यात!

मी विचारलं, "इथली पहिली मॅच आठवते?"

"हो. गवत फार वाढलं होतं."

"बायकांना चेंजिंग रूम नव्हती ना? माळ्याच्या शेडमध्ये कपडे बदलायचात म्हणे."

"गेनाऊ, बरोबर. त्याची फावडी अगदी स्वच्छ असायची."

यात मी काय लिहू, कपाळ?

*

म्हटलं, निदान ट्रॉफ्यांचा फोटो तरी घेऊ. त्यांच्या घरी गेलो. कपाट उघडलं तर आत जुने बूट, ओळीने. चांदीचा कप बाल्कनीत सापडला. त्यात कपडे वाळत घालायचे चिमटे होते.

"अहो, हा कप कसला?"

"मोठा आहे. सगळे चिमटे मावतात."

*

कोच म्हणून त्यांच्या पहिल्या दिवशी, आमच्या आधीच्या टीममधला एक खेळाडू "बाईकडून शिकणार नाही" म्हणत मैदान सोडून गेला होता. हे मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं. मी पेन सरसावून बसलो.

"मग तुम्ही काय केलंत?"

"दहाच जण उरले. दहा जणांत पासिंग सुधारतं."

*

मॅचनंतर दोन्ही टीमच्या ड्रेसिंग रूम आम्हीच पुसायच्या, हा त्यांचा नियम. आमच्या टीममधल्या निलेशचे सासू-सासरे पुण्याहून आलेले. त्यांनी मॅच पाहिली आणि मग हातात पोछा घेतलेला जावई पाहिला. सासूबाई मुलीला म्हणाल्या, "अगं, तू म्हणालीस यांना फरशी पुसता येत नाही!"

निलेश दोन महिने माझ्याशी नीट बोलला नाही. जणू नियम मी केला होता.

*

शेवटी चिमट्यांसकट सगळं लिहून काढलं. गुरुवारी संध्याकाळी सभा. आमची अख्खी टीम इस्त्रीच्या शर्टात पहिल्या रांगेत. मी पान वाचायला लागलो. वैताग होता तसा जीवही होता हो त्या बाईवर. वाचून झालं. अध्यक्ष, साठीचे गंभीर गृहस्थ, म्हणाले, "आता फुमिको-सानना पुढे बोलवू या."

खुर्ची रिकामी. तेवढ्यात माझा फोन वाजला. अध्यक्षांनी स्पीकरवर टाकायला लावला.

"आल्झो, तर, आज गुरुवार. सहाची प्रॅक्टिस. सहा वाजून चार मिनिटं झाली आणि मैदानावर मी एकटी आहे."

मतदान अजून व्हायचं होतं.

सगळ्यात आधी अध्यक्ष उठले आणि टाय सोडत दाराकडे पळाले.