वाढत्या पोरांचे पाय

"दोन वर्षांपूर्वीची मापं आहेत ही. पोरं म्हणजे काय भिंतीतल्या खुंट्या, ठोकल्या तिथंच राहायला?"

"दाजी, कागदावर आलं ते मी दिलं," भांडाराचा कारकून म्हणाला. तो दाजीच्या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणून ऐकून तरी घेत होता. "अडतीस पाय, मापं फायलीतली. महिनाअखेर पेट्या गेल्या नाहीत तर मंजुरी रद्द."

दाजीनं कागद बाकावर आपटला. मेहुण्याचं ऐकून आता अख्खा कारखानाच त्याला दाजी म्हणायचा. जन्म सुताराच्या घरातला. बापानं नांगर केले, यानं नकली पाय. तेवीस वर्षं एकच काम: प्लास्टिकचा पाइप भट्टीत मऊ करायचा, साच्यावर ओढायचा, खाली रबरी पाऊल बसवायचं. रस्त्यात कुणी भेटलं की तोंडाआधी हा चाल बघतो. बायको म्हणते, याला माणसं कंबरेखालीच ओळखू येतात.

दोन वर्षांपूर्वी सरकारनं त्याला समुद्रापलीकडच्या एका देशात धाडलं. तिथली लढाई संपली होती, शेतात पुरलेले सुरुंग संपले नव्हते. महिनाभरात अडतीस पोरांना पाय बसवले. परत आल्यावर स्वागताला मंत्री, पेपरात फोटो, गल्लीतली माणसं पासपोर्ट बघायला घरात. नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी त्या देशाचं नाव कुणाच्या तोंडी राहिलं नाही.

दरवर्षी नवी मापं मागवा, असं त्यानं साहेबांना तीनदा लिहून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिकडच्या दवाखान्यातून फोटो आला. नऊ वर्षांची पोर, आणि दाजीनं बसवलेल्या, आता आखूड पडलेल्या पायाच्या टाचेखाली टायरचा तुकडा खिळ्यांनी ठोकलेला. तो फोटो साहेबांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा कुठं मंजुरी निघाली. निघाली ती ही अशी.

"नवी मापं म्हणजे पहिल्यापासून मंजुरी," मेहुणा म्हणाला. "वरचा साहेब आधी विचारणार, हा देश आला कुठं? आणि खरं सांगू का दाजी, आपल्या नाक्यावरचा खड्डा बुजत नाही, तिकडच्यांची काळजी तुम्हाला कशाला?"

"खड्ड्यासाठी पण मीच भांडतो, तू नाही. ती पोरं कुबड्यांवर चालत होती. त्या कुबड्या आपण सोडायला लावल्या. आता आखूड पायावर चालून पाठ वाकडी झाली, तर ती सुरुंगानं नाही वाकवली, आपण वाकवली. फोटो काढताना सगळे म्हणत होते, आपण दिले, आपण दिले. आता ते पाय तिकडचे झाले?"

मेहुण्यानं बाकावरचा कागद उचलून पुन्हा त्याच्या पुढ्यात ठेवला.

"सगळे पाय चार बोटं लांब करतो," दाजी म्हणाला. "लांब असला तर तिथला माणूस कापेल. आखूड पडला तर काय करणार? वरची, तुटका पाय बसायची खोबणी सैल ठेवतो, मोजे कोंबून बसवतील."

"आणि तपासणीत माप जुळलं नाही तर? माप बरोबर म्हणून सही माझी असते."

"मग करू नको."

"बहीण दिली, आता नोकरी पण घ्या," म्हणत मेहुण्यानं तपासणीच्या रकान्यात आधीच सही ठोकली आणि मागं न बघता निघून गेला.

दाजीला त्याचंही बरं वाटलं नाही. अंदाजानं केलेला पाय म्हणजे पायच नव्हे, हे तोच नवीन कामगारांना शिकवायचा. अडतिसातले निम्मे बसले तरी खूप. तोंडातल्या तोंडात साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्यानं पहिलं माप वाचलं, पाइपवर त्याच्या चार बोटं पुढं खडूची रेघ मारली आणि करवत लावली.