आमच्याच गल्लीचा संघ

मला गावी पाठवायचं घरात ठरलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं. पण खोली केवढीशी, बोललेलं सगळं ऐकायला येतं. आमच्या गावची एक बाई करफ्यू उठला की भाऊच्या धक्क्यावरनं बोटीने जाणार होती, तिच्या सोबतीने मी आणि माझी पोर. पोर तेव्हा नुकती बसायला लागली होती.

हे तुरुंगात होते. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाला तुकडीबरोबर गेले, गळ्यात हार घालून, आणि मी गॅलरीत उभी राहून बघितलं, पोर कडेवर, हात हलवायचंसुद्धा सुचलं नाही मला. तेव्हापासून मी घाबरूनच होते. तशी मी आधीपासूनच घाबरट. चौथीतनं शाळा सुटली, लग्न झालं, कोकणातनं उठून लालबागला आले, इथे नळावर बायका जोरात बोलल्या तरी माझी बादली हातातनं सुटायची. आता तर खाली बूट वाजले की मी पोरीला उचलून कोपऱ्यात. पोरीला घेऊन इथे राहणं बरं नाही, असं थोरले भावोजी म्हणत होते ते काही खोटं नव्हतं. दगड येत होते, अश्रुधूर येत होता, पोरीचे डोळे लाल व्हायचे. पण मी गावी गेले आणि हे सुटून आले तर? दारात मी नाही, पोर नाही. बोटीची मला करफ्यूपेक्षा जास्त भीती वाटायची.

गिरण्या बंद, बाहेर पाय टाकायची सोय नाही, गॅलरीत उभं राहिलं तरी खालून शिटी. पुरुष माणसं दिवसभर खोलीत, त्यांना बसवत नव्हतं. थोरले भावोजी एके काळी हुतूतूतले नावाजलेले चढाईवाले. धाकटे भावोजी पण खेळायचे, आणि आमचे हे पण. त्या दोघांचा एकच संघ, आमच्या गल्लीचा. तर धाकट्या भावोजींनी घरात बसल्या बसल्या एक खेळ काढला. फरशीवर खडूने हुतूतूचं मैदान आखलं, मधे रेघ. एका बाजूला सात बटणं, एका बाजूला सात चिंचोके, ते गडी. चढाई करायची म्हणजे सासूबाईंच्या चार कवड्या टाकायच्या. जास्त उताण्या पडल्या की समोरचा गडी बाद, चारही उताण्या तर दोन बाद. पालथ्या पडल्या की आपला चढाईवाला पकडला. निम्म्या निम्म्या पडल्या तर रिकामा परत. गडी बाद केला की आपला बसलेला एक परत उठतो, खऱ्या हुतूतूसारखंच.

आणि गंमत अशी, संघ पण खरे. माझगावचा गोदीवाल्यांचा, शीवचा, काळाचौकीचा आणि आमच्या गल्लीचा. ज्या संघात खरोखरचा चांगला चढाईवाला असेल त्याला अशा प्रत्येक चढाईवाल्यामागे एकदा कवड्या परत टाकायची मुभा. ज्यात पकड करणारे चांगले, त्यांच्यासमोर चारांतल्या तीन पालथ्या पडल्या तरी चढाईवाला गेला. बाकीच्यांच्या समोर चारही पालथ्या पडायला लागतात. धाकटे भावोजी पंच, आणि पंच फार कडक. आमच्या गल्लीचे चढाईवाले सगळे तुरुंगात, तर खेळात पण ते नाहीत. ह्यांचा चिंचोका त्यांनी उचलून फळीवर ठेवला, गेलेल्यांच्या जागी नवखे घातले. म्हणजे तीन वजनदार माणसं पकडीची आणि चार नवखे. तो संघ कोणी घेईना.

थोरले भावोजी रोज गोदीवाल्यांचा घेऊन जिंकायचे. शेवटी त्यांच्याशी खेळायला कोणी राहिलं नाही. त्या दिवशी जेवणं झाल्यावर परत बोटीचं निघालं आणि मी पहिल्यांदा बोलले. पदर तोंडाशी धरून, जमिनीकडे बघत, पण बोलले. म्हटलं, मला नाही जायचं. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता मेले.

थोरले भावोजी रागावले नाहीत. त्यांना कंटाळा आला होता. पायाने खडूचं मैदान दाखवून म्हणाले, "बस मगे हय. खेळतलंस माझ्यावांगडा? जिंकलंस तर ऱ्हव. मी गावचा नाव काढूचंय नाय."

सगळे हसले. मी नाही हसले. मी पोरीला मांडीवर घेऊन बसलेच.

थोरले मोठेपणाने म्हणाले, संघ आधी तू निवड. धाकटे भावोजी माझ्या मागे वाकून हळूच बोलले, "वहिनी, गोदीवाल्यांचा घ्या. डोकं नका चालवू. गोदीवाल्यांचा."

मला कळत होतं ते. गोदीवाल्यांकडे तीन चढाईवाले, म्हणजे तीन वेळा कवड्या परत टाकता येणार. तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"आमच्या गल्लीचा."

धाकट्या भावोजींनी कपाळाला हात लावला. पण मी काय करू. ह्यांच्यासाठी मुंबईत राहायचं आणि ह्यांचाच संघ टाकून माझगावचा घ्यायचा, माझ्याच्याने होईना. थोरल्यांनी खुशीत गोदीवाल्यांची बटणं आपल्यासमोर ओढली.

सुरुवातीलाच मार. माझे दोन नवखे चढाईला गेले, दोघे बसले. त्यांच्या चढाईत अजून दोन बसले. पंच प्रत्येक वेळी ओरडायचे, "मेला! गडी मेला!" मी म्हटलं भावोजी, तसं नका म्हणू, बसला म्हणा. हे आत असताना तो शब्द मला ऐकवत नव्हता. तर त्यांनी पण मान हलवली, तेव्हापासून "बसला". सासूबाई पलीकडे तांदूळ निवडत होत्या, त्यांचे हात थांबले.

मग मी विचारलं, ती दुसरी रेघ कशाला? समोरच्यांच्या अंगणात थोडं आत एक रेघ होती. पंच म्हणाले, तेवढी शिवून परत आलं तरी चढाई झाली, कवड्या टाकायला नको, पण मिळत काही नाही.

"जात पण काही नाही ना?"

"नाही. पण तसं कोणी खेळत नाही हो वहिनी."

मी तसंच खेळले. माझी पाळी आली की चिंचोका बोटाने पुढे सरकवायचा, रेघेला लावायचा, परत. भीतच, जणू पलीकडे खरंच गोदीतले हमाल उभे आहेत. शेजारच्या खोलीतले दारात येऊन उभे राहिले. कोणीतरी म्हणालं, ही तर नळावर जाऊन रिकामी बादली घेऊन येते. हसले सगळे. हसू दे. माझी तीन पकडीची माणसं उभी होती जागेवर, आणि थोरले भावोजी प्रत्येक वेळी खोल शिरत होते. तीन पालथ्या, बसला. परत टाकतो म्हणाले, टाकल्या, परत तीन पालथ्या. एकेक करून तिन्ही मुभा रागारागात संपवल्या त्यांनी. माझे नवखे उठायला लागले. मधे त्यांना चारही उताण्या पडल्या, माझे दोघे गेले, पोर रडायला लागली, तिला तशीच छातीशी धरून मी चिंचोका सरकवला. रेघ. परत.

मधेच खाली बूट. थोरल्या भावोजींनी कवड्यांवर पंजा ठेवला, जसं काही कवड्याच आवाज करणार होत्या. बूट पुढे गेले. त्यांनी लगेच कवड्या टाकल्या, आणि बसला त्यांचा अजून एक.

सासूबाई न राहवून म्हणाल्या, "अरे, तू पण रेघ शिवान ये मगे."

"मी? आये, लोक काय म्हणतले?"

त्यांचं एक बटण उरलं. माझी सहा माणसं. पाळी माझी. दारातले सगळे मला म्हणायला लागले, आता टाक कवड्या, एकच तर आहे, घुस आत. धाकटे भावोजीसुद्धा. माझा हात कवड्यांकडे गेला होता, खरंच गेला होता. पण ह्यांचा चेहरा आला डोळ्यासमोर, दार बंद आणि हे बाहेर उभे. मी चिंचोका सरकवला. रेघ. परत. सगळ्यांनी हाय हाय केलं.

थोरल्यांनी कवड्या मुठीत खूप वेळ हलवल्या. टाकल्या. दोन पालथ्या, एक उताणी, आणि चौथी घरंगळत आली ती शेजारी बसवलेल्या पोरीसमोर. तिने उचलली आणि तोंडात घातली. माझा जीव गेला. खेळ कुठला नि काय, मी तिच्या गालात बोट घालून कवडी काढली, तिला उलटी थोपटली, ती रडली म्हणजे श्वास आहे.

"उताणी होती," थोरले म्हणाले.

"तोंडात होती," पंच म्हणाले. "चारही परत टाका."

पोर माझ्या खांद्यावर रडत होती आणि मी डोळे मिटून घेतले. कवड्या पडल्याचं ऐकलं. मग धाकटे भावोजी ओरडले, करफ्यू विसरून, "बसला! शेवटचा बसला!" आणि सासूबाईंनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला, हळू म्हणून. डोळे उघडले तर चारही पालथ्या.

थोरले भावोजी बटणांकडे बघत बसले. ह्याला हुतूतू म्हणत नाहीत, असं दोनदा बोलले. पंच म्हणाले, नियमात आहे. दारातली माणसं बघत होती, शब्द सगळ्यांसमोर दिलेला.

"ऱ्हव," ते म्हणाले. "बोटीचा मी सांगतंय त्या गाववालीक." मग सगळे चिंचोके पंजाने आपल्याकडे ओढले आणि बटणं माझ्याकडे ढकलली. "पण आता गल्लीचो संघ माका. तू घे गोदीवाल्यांचो."

मी त्यांच्या हाताखालून एकेक चिंचोका परत काढून घेतला.

"नाही देणार," मी म्हटलं. "तुम्ही शीवचा घ्या."