विमानासाठी हलकं लाकूड

आमचे हे रिटायर झाल्यावर खुर्चीत बसून राहायचे. काही विचारलं तर "हूं", वाढलं तर जेवायचे. गेल्या थंडीत मोबाइलवर कुणीतरी रबराच्या पिळावर उडणारं विमान बनवताना यांनी पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी घरात करवत आली. तेव्हापासून हे बोलायला लागले. बोलणं सगळं विमानाचंच, पण मला तेवढं पुरे होतं.

विमान मात्र उडेना. यांचा जन्म मजबूत वस्तू पारखण्यात गेला. पाट घ्यायचा तर त्यावर उभं राहून बघणार, बादली घ्यायची तर ठोकून बघणार. विमानालाही यांनी प्लायवूड आणलं आणि वर फेविकॉलचे थर दिले. हातातून सुटलं की ते सरळ नाकावर पडायचं. तुटलं की हे त्या जागी आणखी एक पट्टी चिकटवायचे, म्हणजे पुढच्या खेपेला आणखी लवकर पडायचं.

"अहो, जड होतंय."

"मग काय कागदाचं करू? मजबूत नको का?"

मैदानावर तिसरं विमान पडलं तेव्हा यांनी ते उचललंही नाही. मीच पिशवीत घालून घरी आणलं. हे परत खुर्चीत जाऊन बसले. चहा दिला तर "हूं" म्हणाले.

मला दुकानात बोलायची सवय नाही. इथे दुकानांतून सगळे हिंदीच बोलतात. मला हिंदी येते, पण अनोळखी माणसासमोर तोंडातून निघत नाही. बाजारहाट सगळा हेच करतात. तरी दुसऱ्या दिवशी मी एकटी इंदरगंजला गेले. शाळेच्या प्रोजेक्टचं सामान मिळतं त्या दुकानात बाल्सा नावाचं हलकं लाकूड असतं, हे यांच्याच बोलण्यातून कानावर आलं होतं. आधी दोन गिऱ्हाइकं जाऊ दिली. मग तिसरंही जाऊ दिलं.

"हाँ माताजी, क्या चाहिए?"

"बाल्सा."

दुकानदाराने गठ्ठ्यातल्या वरच्या फळ्या काढून पुढे ठेवल्या. हातात घेतल्या तर एक पापडासारखी हलकी, दुसरी तेवढीच लांबरुंद पण चांगली जड.

"भैया, मैं छाँट लूँ?"

"छाँटना क्या, सब एक ही माल है."

"एक नहीं है," मी म्हटलं. आवाज मलाच परका वाटला.

त्याने गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "लो, ककड़ी समझ के छाँट लो."

मी सगळ्यात हलक्या फळ्या निवडून घरी आणल्या. यांनी खुर्चीतूनच एक हातात घेतली, नखाने दाबली.

"हे लोणी आहे. पंख हवेत मुडपेल."

"मुडपू दे."

माझं चूक आहे हे दाखवायला म्हणून का होईना, हे उठले आणि त्या फळ्यांचं विमान केलं. ते विमान आधीच्या सगळ्यांपेक्षा वर गेलं आणि वर जाऊन दोन्ही पंख जोडून नमस्कार केल्यासारखं खाली आलं. यांचंच खरं ठरलं. पण हे हसत होते. "काही म्हण, वर तर गेलं."

मग दौलतगंजच्या पतंगवाल्याकडून आम्ही बांबूची कामटी आणली, आणि पंखांवर लावायला पतंगी कागद. कामटी पंखाच्या आत बसवायची होती. हे काचेच्या तुकड्याने ती तासायचे आणि माझ्या हातात द्यायचे.

"अजून," मी म्हणायची.

"आता तुटेल."

"थोडीशीच."

असं करत करत एकदा मी काही बोलले नाही आणि हेही काही बोलले नाहीत. तिथे तासणं थांबवलं.

सकाळी मैदानावर यांनी विमान सोडलं. ते चढलं, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या डोक्यावरून सावकाश वळलं आणि गवतात उतरलं. गुडघ्याचं दुखणं विसरून हे मागे धावले. धापा टाकत परत आले.

"पुढचं मोठं करू. लाकूड तूच निवड. मी दुकानाबाहेर उभा राहतो."

"बाहेर नको. आत या. फक्त बोलू नका."

"बरं," म्हणाले. मग नव्या विमानाची शेपटी केवढी हवी, ते घर येईपर्यंत सांगत होते.